पाटोळ्यांची पाण्याची वेळ

आमच्या डोक्यावर पियानो आला तो ब्याण्णव सालच्या थंडीत. आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहत होतो आणि सूर्यकांत पाटोळे आमच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. रविवार होता. मी दारात उन्हाला बसून लसूण सोलत होते, तेवढ्यात एका टेम्पोतून पाच-सहा हमाल कपाटाएवढं काळं धूड उतरवायला लागले. मला वाटलं, पाटोळ्यांच्या उल्काने नवं कपाट घेतलं. मनातल्या मनात थोडी जळलेसुद्धा. मग जिन्याच्या वळणावर ते कपाट भिंतीला आपटलं आणि त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला की आमचे हे, म्हणजे मुरलीधर, पेपर टाकून बाहेर आले.

"कपाट भांड्यांसकट आणलंय वाटतं," ते म्हणाले.

ते दिवसच नव्या वस्तूंचे होते. परदेशी माल देशात यायला लागला होता. पाटोळे ज्या चर्चमध्ये जात तिथे जपानी कीबोर्ड आला, एक बटण दाबलं की ढोलसुद्धा आपला आपण वाजवणारा, आणि जुना पियानो 'जो नेईल त्याचा' म्हणून बाहेर निघाला. सगळी कॉलनी रंगीत टीव्ही आणि वॉशिंग मशीन घरात आणत होती, तेव्हा या गृहस्थाने दुसऱ्यांनी टाकून दिलेलं धूड वर चढवलं. जिन्याच्या भिंतीचा गिलावा गेला तो कायमचा गेला.

पाटोळे मूळचे नगरचे, ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. चर्चमधल्या पायपेटीवर हे लहानपणापासून बसले. पाय पोचत नव्हते तेव्हा धाकटा भाऊ खाली बसून हातांनी भाता दाबायचा म्हणे. पुढे परीक्षा देऊन दिल्लीला आले, एका मंत्रालयात आकडेमोडीच्या कामाला चिकटले आणि तिथेच सेक्शन ऑफिसर झाले. उंच, किडकिडीत माणूस, अंगात बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. उन्हाळ्यात तो खुर्चीच्या पाठीवर असायचा, एवढाच फरक. बोटं मात्र कधी स्वस्थ नसत. मदर डेअरीच्या रांगेत दुधाच्या डब्यावर, बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर, आमच्याकडे चहाला आले की टेबलावर, कपबश्या थरथरायच्या. जॅझ त्यांना सापडलं शॉर्टवेव्ह रेडिओवर. अमेरिकेहून खरखरत जे काही येई ते कानात साठवायचं आणि पायपेटी, हातपेटी, जे हाताशी लागेल त्यावर काढून बघायचं. शिकवायला कोणी नव्हतं. नगरला तरी कोण असणार होतं?

उल्का सरकारी दवाखान्यात सिस्टर. कामाला वाघ आणि बोलायला तुटक. नवऱ्याच्या संगीताबद्दल तिचं एकच मत होतं आणि ते तिने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं: "मला त्यातलं काही कळत नाही. त्यांना बरं वाटतं ना, वाजवू देत."

मला मात्र बरं वाटत नव्हतं. लक्ष्मीबाई नगरात पाणी यायचं सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, आणि कधीच पुरेसं नाही. मग तळमजल्यावरच्यांनी मोटर लावायची. तळमजल्यावर मोटर सुरू झाली की वरच्यांचा नळ रडायला लागायचा. मी मोटर लावत असे. सगळ्याच लावत. मला त्यात आजही काही गैर वाटत नाही. घरात दोन पोरं, सासूबाई आणि दिल्लीची धूळ असताना पाणी भरायचं नाही तर काय करायचं? पण पाटोळ्यांची वाजवायची वेळ नेमकी तीच. मी मोटर लावली की वर पियानो चढायचा. पियानो चढला की मी मिक्सरसुद्धा लावायची. मधल्यामध्ये मुरलीधर कानांत बोटं घालून बातम्या बघायचे.

एकदा पाटोळे विरजणाला वाटी घेऊन आले. मी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावूच.

"भाऊजी, तुम्ही गाणं धरता कुठलं, आणि जाता कुठे? मला वाटतं, आलं, आता ओळखीचं येणार, तेवढ्यात तुम्ही भलत्याच गल्लीत. रस्ता चुकता की काय?"

मला वाटलं होतं माणूस ओशाळेल. तो तर दिवाळी आल्यासारखा खुलला.

"वहिनी, म्हणजे तुम्ही ऐकता!"

"ऐकते कसली? कानावर पडतं. कानांना झाकण नाही दिलं देवाने."

ते स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभे राहिले आणि वाटी बाजूला ठेवून ओट्यावर बोटं चालवत सांगायला लागले. "ही तिकडची जुनी गाणी. स्टँडर्ड म्हणतात यांना. सगळ्यांना पाठ असतात. वाजवणारा एकदा सरळ वाजवतो, मग त्याला मोडतो, वळवतो, लांब फिरवून आणतो आणि शेवटी घरी सोडतो. ऐकणाऱ्याला मूळ ठाऊक असतं, म्हणून मोडलेलं कळतं. आता आपले अण्णासाहेब आरतीची शेवटची ओळ लांबवतात की नाही?"

अण्णासाहेब म्हणजे समोरच्या ब्लॉकमधले, आमच्या गणेशोत्सव मंडळाचे कायमचे सेक्रेटरी. माइक दिसला की ज्यांचा हात आपोआप पुढे होतो अशी काही माणसं असतात, त्यांतले.

"लांबवतात. पोरं हसतात," मी म्हटलं.

"का हसतात? आरती पाठ आहे म्हणून. पाठ नसती तर लांबवली हे कळलं असतं का?"

हे मला पटलं. मग मी विचारलं, "आणि मधूनच ते भलतंच काहीतरी वाजवता, ते कुठलं?"

"ते माझं. मी रचलेलं." ते एकदम हळू बोलायला लागले. "तिथेच घोडं पेंड खातं, वहिनी. माझं गाणं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मी ते सरळ वाजवलं काय आणि मोडून वाजवलं काय, लोकांना सारखंच. एकदा तरी असं व्हावं की मी माझं गाणं मोडावं आणि समोर बसलेल्याला ते कळावं. बस, एकदा."

त्यांच्या रचनांची नावंही त्यांच्यासारखीच. एक 'बदलीची ऑर्डर', एक 'कूलरची पहिली रात्र', एक 'सरोजिनी मार्केट, शनिवार'. सगळ्यांत मोठी होती ती 'पाण्याची वेळ'. ती कशी आहे ते त्यांनी मला ओट्यावरच दाखवलं. सुरुवातीला एकच सूर. टं. मग शांतता. पुन्हा तोच. टं.

"नळ ठिबकतोय. उल्का खाली बादली लावून बसली आहे. पाणी येणार, येणार. मग थोडी धार लागते. आणि मग इकडे डाव्या हाताला, खाली, घुर्रर्र. ही मोटर. ती सुरू झाली की वरची धार तुटते, पुन्हा ठिबक ठिबक. दोघांचं भांडण. शेवटी पाणी जातं आणि एकच थेंब राहतो."

"मोटर कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच की."

मी त्यांच्या वाटीत विरजण जरा बेताचंच घातलं. पण त्या संध्याकाळी मोटर लावली आणि वरून घुर्रर्र सुरू झालं तेव्हा मिक्सरकडे गेलेला हात मागे घेतला. आपली मोटर कुणाच्या तरी गाण्यात आहे ही गोष्ट मनाला गुदगुल्या करते, कबूल करायला काय हरकत आहे? पुढे पुढे तर पाणी भरताना वरून वाजलं नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पाटोळ्यांचा एक दुर्गुण मात्र सांगायलाच हवा. एरवी गरीब गाय, पण वाजवताना कुणी दुखावलं की वाद्याचं झाकण बंद करायचे आणि त्या ठिकाणी पुन्हा कधी बोट लावायचे नाहीत. ऑफिसच्या वार्षिक समारंभात ते पेटीवर बसले होते. मधेच मोठे साहेब आले, सगळं सभागृह उभं राहिलं, कुणी हार आणायला धावलं. पाटोळ्यांनी पेटीचा भाता बंद केला, खटका लावला आणि बसने घरी आले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ऑफिसात त्यांना कुणी वाजवताना पाहिलं नाही. स्वतःच्या निरोपसमारंभातसुद्धा त्यांनी नुसता सामोसा खाल्ला.

दोन हजार एक साली आमची वरात दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला गेली. लक्ष्मीबाई नगरच्या बऱ्याच मराठी मंडळींनी मिळून एका हाउसिंग सोसायटीत नावं घातली होती. वर्षानुवर्षं वाट बघून एकदाच्या किल्ल्या हातात आल्या. माणसं तीच, फक्त सोडतीने मजले उलटेपालटे झाले. आम्ही तिसऱ्यावर, पाटोळे दुसऱ्या इमारतीत सातव्यावर. अण्णासाहेब इथेही सेक्रेटरी. पियानो लिफ्टमध्ये उभा घालून बघितला, आडवा घालून बघितला, तिरका घालून बघितला. मावेना. सात मजले जिन्याने न्यायला हमाल तयार होईनात. शेवटी 'तात्पुरता' म्हणून तो सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे किती टिकाऊ ते सांगायला नको. हॉलमध्ये सकाळी योगासनं, दुपारी किटी पार्टी, संध्याकाळी मीटिंग. पियानोवर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. पाटोळे कधीमधी चोरासारखे जाऊन थोडंसं वाजवून यायचे, तेवढ्यात कुणीतरी दार उघडून विचारायचं, "अंकल, हॉल खाली कब होगा?"

माझ्या डोक्यावर आता बँकेतलं एक शांत जोडपं होतं. त्यांच्या पावलांचासुद्धा आवाज यायचा नाही. मला करमेना. आणि पाण्याचं म्हणाल तर द्वारकेत त्याहून मोठं नाटक. टँकर आला की सगळी सोसायटी बाल्कनीत.

त्याच सुमारास पाटोळ्यांची मुलगी कादंबरी गुडगावला कॉल सेंटरमध्ये लागली. तेव्हा गुरुग्राम कुणी म्हणत नसे. बाप अमेरिकेचं वाजवतो, लेक अमेरिकेशी बोलते आणि उल्का दोघांना मराठीत रागावते, असं त्या घराचं चाललं होतं. लेकीच्या ऑफिसशेजारी काचेचं एक नवंकोरं हॉटेल उघडलं. त्याच्या लॉबीत पांढराशुभ्र मोठा पियानो होता आणि वाजवायला माणूस नव्हता. कादंबरीने बाबांचं नाव सुचवलं. टाय लावलेल्या मॅनेजरने त्यांचं वाजवणं ऐकलं, खूश झाला आणि एकच सूचना दिली.

"अंकल, बस ऐसा बजाइए कि किसी को पता ही न चले।"

पाटोळ्यांनी ते हसून आम्हाला सांगितलं. काही दिवस गेलेही. इस्त्रीचा शर्ट, कादंबरीच्या ऑफिसची कॅब, लॉबीत संध्याकाळभर स्टँडर्ड. लोक मोबाइलवर प्लॉटचे भाव बोलत शेजारून जायचे. पण एके दिवशी एक बाई पियानोपाशी थांबल्या, कौतुकाने बघत राहिल्या. पाटोळ्यांना वाटलं, आली एक तरी ऐकणारी. त्यांनी खास त्यांच्यासाठी 'पाण्याची वेळ' सुरू केली.

"भैया," बाईंनी विचारलं, "ये अपने आप बजता है ना? आप तो बस बैठे हैं?"

पाटोळे उठून उभे राहिले. पियानो अर्थातच थांबला.

"बजता था मॅडम," ते म्हणाले, "अब बिगड़ गया।" आणि झाकण लावून घरी आले.

आम्ही सगळे पोट धरून हसलो. पाटोळेही हसले. उल्का मात्र हसली नाही. ती उठून आत गेली आणि बराच वेळ ओट्यावरची स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसली.

दोन हजार पाच साली गणपतीच्या आधीच्या सभेत अण्णासाहेबांनी विषय काढला. तरुण मंडळींना हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल हवंय. जागा एकच आहे. पाटोळेसाहेबांनी पियानोचं काय ते बघावं. सगळे पाटोळ्यांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. पण ते शांतपणे म्हणाले, "बिल्कुल. हरकत नाही. फक्त जाण्याआधी एकदा मला वाजवू द्या. गणपतीपुढे. कुणी ऐकलं नाही तर हमाल मीच बोलावीन."

सभेहून परतताना उल्का मला म्हणाली, "ते थट्टा करत नाहीयेत. एका शाळेला विचारून ठेवलंय, पियानो घेता का म्हणून. हे शेवटचं."

कार्यक्रम तिसऱ्या दिवशी होता. आधी पोरांची वेशभूषा स्पर्धा, त्यात तीन शिवाजी आणि एक एटीएम मशीन. मग बक्षिसं. मग पाटोळ्यांचं पियानोवादन. हॉल गच्च भरला होता, कारण नंतर जेवण होतं. पियानोवरच्या खुर्च्या उतरल्या होत्या, उल्काने तो पुसून चकचकीत केला होता. अण्णासाहेब माइकशी झटापट करत होते. माइक कधी किंचाळत होता, कधी मुका होत होता. पाटोळ्यांना घोषणा, परिचय, पुष्पगुच्छ यातलं काही सोसायचं नाही. तपकिरी स्वेटर सप्टेंबरच्या उकाड्यात खुर्चीच्या पाठीवर टाकून ते बसले आणि सरळ सुरू झाले.

टं.

शांतता.

टं.

मी सावरून बसले. माझी मोटर येणार होती. आणि माझ्या लक्षात आलं की हॉलमध्ये कुणीच ऐकत नाहीये. ऐकत नाहीये म्हणजे उद्धटपणे नव्हे. आपल्याकडे तंबोरे लागेपर्यंत, तबलजीची हातोडी थांबेपर्यंत श्रोत्यांनी बोलून घ्यायचं असतं, हा जुना शिरस्ता. त्यांना वाटलं, वाद्य लावणं चाललंय. एक सूर वाजवून वाट बघणारा माणूस दुसरं काय करत असणार? पुढे धार लागली तेव्हा लोक टँकरवर बोलत होते. मोटर सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता खालचे सूर बघतायत. बराच वेळ लागतो नाही? परदेशी वाद्य, नाजूक असणार."

मी उल्काकडे बघितलं. ती समोर बघत होती, मांडीवर हात घट्ट धरून. हॉलमध्ये पाटोळ्यांकडे टक लावून बसलेलं आणखी एकच माणूस होतं, ते म्हणजे अण्णासाहेब. माइक एव्हाना सुधारला होता. तो हातात धरून ते पियानोच्या अगदी शेजारी टपून बसले होते, हे जुळवणं एकदाचं कधी संपतं आणि आपल्याला कधी बोलायला मिळतं म्हणून. एकेका सुरावर त्यांची मान हलत होती.

वर पाणी, खाली मोटर, भांडण, पाणी गेलं, शेवटचा थेंब. टं. पाटोळ्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी रचना वाजवून झाली होती आणि मागच्या रांगेत कुणीतरी विचारत होतं की जेवणात मसालेभात आहे का.

अण्णासाहेब ताडकन उठले.

"रसिकहो! पाटोळेसाहेबांचं वाद्य आता उत्तम जुळलेलं आहे. कृपया शांतता राखावी. मोबाइल बंद ठेवावेत. कार्यक्रमाला सुरुवात होत आहे!"

टाळ्या. आणि खरोखरच टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार होते, ओरडणार होते की अहो, झालं की वाजवून, बहिऱ्यांनो! उल्काने माझं मनगट धरलं. पाटोळ्यांचा हात झाकणाकडे गेला होता. ते झाकण आम्ही दोघी ओळखत होतो. ते एकदा पडलं की ऑफिसातल्या पेटीसारखं, लॉबीतल्या पियानोसारखं कायमचं पडणार होतं, आणि सोमवारी हमाल येणार होते.

झाकणावर हात ठेवून पाटोळ्यांनी हॉलकडे बघितलं. अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत होता. नोकरीतले, निवृत्त, सुना, नातवंडं, तीन शिवाजी, एक एटीएम मशीन. कुणी बोलत नव्हतं. ते बघता बघता पाटोळ्यांचा चेहरा बदलला. आधी गोंधळला, मग काहीतरी सुचल्यासारखा झाला आणि मग ते चक्क हसले. त्यांनी माइकसाठी हात पुढे केला. अण्णासाहेबांनी तो जड मनाने दिला.

"आभारी आहे, अण्णासाहेब. जुळलं खरं. आता जे वाजवतो त्याचं नाव, पाण्याची वेळ."

हशा पिकला. अर्धं आयुष्य सरकारी क्वार्टरात आणि उरलेलं टँकरखाली काढलेली माणसं ती. त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पाटोळ्यांनी झाकणावरचा हात काढला.

टं.

पुन्हा हशा. त्यांना थेंब दिसला होता. आणि आता पाटोळे मोडायला लागले. दुसरा थेंब यायच्या ठिकाणी आलाच नाही. हॉल वाट बघतोय, पाटोळे वाट बघतायत. "आत्ता यायला हवा होता!" माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या आणि थेंब पडला, मुद्दाम उशिरा, तेव्हा खुदकन हसल्या. यांना कसं कळलं, कुठे यायला हवा होता ते? कळणारच. मसालेभाताच्या गप्पा मारत असताना त्यांच्या कानांनी ते अख्खं गाणं एकदा ऐकून ठेवलं होतं. कानांना झाकण नसतंच. धार लागली, ती पाटोळ्यांनी मघाच्या दुप्पट लांब खेचली, लोक माना डोलवायला लागले. खालून मोटर निघाली तेव्हा कुणीतरी "लागली, लागली!" म्हणून ओरडलं.

मुरलीधर माझ्या कानाशी आले. "ही आपली मोटर का गं?"

"हो," मी म्हटलं, आणि मान इतकी ताठ झाली की दुसऱ्या दिवशी दुखत होती.

पाटोळ्यांनी आपलं गाणं मोडलं, वळवलं, कुठल्या कुठे नेलं. एका जागी तर ते अगदी अमेरिकेला जाऊन आले. आणि घरी परत आणलं, तेव्हा घर कुठलं ते अख्ख्या हॉलला ठाऊक होतं. पाणी गेलं. ठिबक ठिबक उरली. आता शेवटचा थेंब. पाटोळ्यांनी बोट वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. खाली आणेनात.

"टं!"

अण्णासाहेब होते. त्यांना राहवलं नव्हतं. अगदी बरोबर सुरात, आणि माइक नेमका त्यांनी परत हातात घेतला होता. सगळा हॉल हसत सुटला आणि त्या हशातच पाटोळ्यांनी खरा थेंब टाकला. मग ज्या टाळ्या पडल्या त्या मी सांगत नाही. मी रडत होते, मला नीट दिसलं नाही.

टेबल टेनिसचं टेबल गच्चीवर गेलं. त्याबद्दल परत कुणी अवाक्षर काढलं नाही.

जेवणाच्या रांगेत मी पाटोळ्यांना गाठलं. हातात पत्रावळ, शर्टाची पाठ घामाने भिजलेली. म्हटलं, "भाऊजी, मला तर वाटलं आज झाकण पडतंय."

"पडतच होतं, वहिनी. मग वाटलं, अरे, इतकी वर्षं मी डोकं खाजवतोय की लोकांना आपलं गाणं आधी पाठ कसं करून द्यावं. अण्णासाहेबांनी फुकटात करून दिलं! आता दरवर्षी आधी जुळवायचं, मग वाजवायचं." ते पोटभर हसले. मग उल्काकडे वळले आणि, मला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत होतं बहुतेक, हळूच विचारलं, "कसं झालं?"

उल्का वाढपीण झाली होती. तिने त्यांच्या पत्रावळीत मसालेभात वाढला, त्यावर तूप सोडलं.

"पहिलं जास्त चांगलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी मोटर तुम्ही फार लवकर बंद केलीत. घरी वाजवायचात तेव्हा धार तुटल्यावर ती थोडी रेंगाळायची. मला ते आवडायचं."

पाटोळे तिच्याकडे बघतच राहिले. रांग खोळंबली. मागून कुणीतरी "चलो, चलो काका" म्हणालं. त्यांनी भरलेली पत्रावळ माझ्या हातात दिली आणि तडक हॉलमध्ये गेले. थोड्या वेळाने आतून आवाज आला. टं. टं.

"आता काय जुळवतायत?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"काही जुळवत नाहीयेत," मी म्हटलं. "बायकोला वाजवून दाखवतायत." आणि उल्काच्या हातातलं पातेलं काढून घेऊन तिला आत पाठवलं.